घरावरून जाणारं विमान

त्या मार्चमध्ये माझा नवरा दिवसातून चार वेळा आमच्या घरावरून जायचा आणि एकदाही खाली उतरायचा नाही.

विमान दोन इंजिनांचं होतं, आठ प्रवाशांचं. राजधानीतून, रेक्याविकहून निघायचं, आमच्या बेटाला वळसा घालून नैर्ऋत्येला जायचं, नोव्हेंबरात ज्वालामुखी फुटून समुद्रातून वर आलेल्या नव्या बेटाभोवती तीन घिरट्या घालायचं आणि परत फिरायचं. त्या बेटाला सुर्त्से असं नाव सरकारी समितीने दिलं होतं. आम्ही त्याला नुसतं 'ते' म्हणायचो. आज 'त्या'चा धूर उभा आहे, आज 'त्या'ची राख इकडे येणार. रेक्याविकमध्ये मात्र ते बघायला रांगा लागत होत्या. जर्मन, इंग्रज, अमेरिकन, सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. केटिल आधी टपाल आणि प्रवासी घेऊन आमच्याच बेटावर ये-जा करायचा, संध्याकाळी घरी असायचा. आग निघाली तसं कंपनीने त्याला तिकडेच ठेवून घेतलं. हवा चांगली असली की त्याच्या चार फेऱ्या. हवा वाईट असली की फेऱ्या नाहीत, पण मग आमच्या धावपट्टीवर उतरताही येत नाही. तिथे आडवा वारा सुटला की पक्षीसुद्धा चालत जातात. म्हणजे चांगल्या हवेत तो येऊ शकत नव्हता आणि वाईट हवेतही नाही. मी हे एकदा कागदावर मांडून पाहिलं, शाळेत मुलांना उदाहरण मांडून दाखवायचे तसं. उत्तर तेच आलं.

मुलगा जानेवारीत झाला. तेव्हा केटिल चार दिवस होता. मग फेब्रुवारीत एकदा, दोन तास. त्या दोन तासांपैकी दीड तास मुलगा झोपला होता आणि अर्धा तास मी.

मी उत्तरेकडची. कॉलेज संपवून इथल्या शाळेत शिकवायला आले ती केटिलच्याच विमानातून, त्याच्या पाठीमागच्या जागेवर बसून, कागदी पिशवीत ओकत. हे तो अजून सगळ्यांना सांगतो. इथे माझं स्वतःचं असं माणूस नव्हतं. तसे हंगामात सगळ्याच बायकांचे नवरे बाहेर असतात, पण बोटी संध्याकाळी बंदराला लागतात आणि माणसं माशांचा वास घेऊन का होईना, घरी येतात. माझा नवरा स्वच्छ कोटात डोक्यावर असायचा. त्यामुळे माझी कीव करायला कुणी तयार नव्हतं.

"तुझं बरंय बाई," शेजारची बोरा म्हणायची, "तुझा दिसतो तरी. माझा दिसतो तेव्हा घोरत असतो."

मी हसायचे. आणि आत येऊन परत खिडकीशी उभी राहायचे.

खिडकीतून मी मुलावर नजर ठेवायचे. तो बाहेर बाबागाडीत झोपायचा, इथल्या सगळ्या मुलांसारखा, पिसांच्या दुलईत नाकापर्यंत. दर पंधरा मिनिटांनी मी बाहेर जाऊन दुलईवरून बोट फिरवायचे. बोट करडं झालं की मुलगा आत. मग धावत जाऊन छपराची पन्हळ टाकीपासून सोडवायची, कारण आम्ही पितो ते पाणी छपरावरच पडतं, आणि राख त्याच वाटेने टाकीत जाते. तरी जायचीच थोडी. मी पाणी फडक्यातून दोनदा गाळायचे, दोनदा उकळायचे, मग ग्लासात ओतून उजेडात धरायचे.

"त्यात काय शोधतेस?" इंगुन विचारायची. इंगुन म्हणजे केटिलची आई. ती खालच्या मजल्यावर राहायची. "याच पाण्यावर मी दोन मुलं वाढवली."

आणि मग पाठ फिरवून खाली जायची. कारण दोघांतला एकच उरला होता.

होग्नी थोरला. मी त्याला फक्त फोटोत पाहिलंय. सहा वर्षांपूर्वी त्याची बोट नैर्ऋत्येला मासे धरायला गेली ती पाच माणसांसकट आलीच नाही. इंगुन अकरा दिवस खिडकीत बसून होती. नोव्हेंबरात समुद्रातून धूर निघाला तेव्हा बंदरावरच्या म्हाताऱ्यांनी नकाशा पाहिला आणि परत गुंडाळून ठेवला. तेच पाणी होतं. इंगुन एवढंच म्हणाली, "हं. तिथेच." आणि चुलीवरचं भांडं उतरवलं.

मुलगा तीन आठवड्यांचा होता तेव्हा तिने मला स्वप्न सांगितलं. बटाटे सोलत होती.

"होग्नी आला होता."

"कुठे?"

"माझ्या पलंगावर बसला. बूट कोरडे होते. बोलला काही नाही. पाळण्याकडे बघत बसला." एक बटाटा सोलून झाला, तिने दुसरा घेतला. "मी आपलं सांगितलं हं. मी काही मागत नाहीये."

मेलेलं माणूस बाळाच्या वेळेस स्वप्नात येतं ते नाव मागायला येतं, हे उत्तरेकडेही तसंच आहे. नाही दिलं तर काय होतं हे कुणी सांगत नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान कशाची भीती वाटून घ्यायची ते कळलं असतं. मी शिकलेली आहे, मुलांना निसर्गविज्ञान शिकवलंय. त्या रात्री मी पाळणा भिंतीकडून माझ्या पलंगाशी ओढून घेतला.

माझ्या मनात सोल्वी होतं. चांगलं, लहान नाव, आणि या बेटावर त्या नावाचं कुणी बुडालेलं नव्हतं. मी बोराला आडून आडून विचारून खात्री करून घेतली होती. पण मी बाहेरची. मेलेल्या मुलाला त्याच्या आईसमोर नाही म्हणायला घरचंच माणूस लागतं. केटिलने नाही म्हणायला हवं होतं. त्यासाठी त्याने खाली उतरायला हवं होतं, बाप्तिस्म्याच्या आधी, अर्धा तास का होईना.

फोनवर हे बोलता येत नव्हतं. बाप्तिस्मा होईपर्यंत नाव आईबापांच्या तोंडून बाहेर पडत नाही, आजीलाही सांगत नाहीत, मूल नुसतं 'मुलगा' असतं. आणि फोन एक्स्चेंजमधून लागायचा, तिथे स्टेइना बसायची. ती ऐकते हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना माहीत आहे हे तिलाही.

बाप्तिस्म्याच्या आधीच्या बुधवारी केटिलचा फोन आला.

"मुलगा कसाय?"

"बराय. खोकतो थोडा."

"खोकतो? राखेने?"

"राखेने नाही," स्टेइना मध्येच म्हणाली, "गावातली सगळीच पोरं खोकतायत. बोला तुम्ही."

केटिल हसला, मग थांबला. "आईने तुला सांगितलं का? तिला काय दिसलं ते?"

"सांगितलं."

"मलाही लिहिलंय." तार खरखरत होती. "मग?"

"मग तू ये. रविवारी दोन वाजता आहे. त्याआधी आपण बोलू."

"तुला काय वाटतं?"

"फोनवर काय सांगू?"

"तेही खरंच." पुन्हा खरखर. "आईचं वय झालंय, आर्ना."

माझं नाव आर्नदीस. आर्ना तो एकटाच म्हणतो. मला वाटलं, झालं, याने ठरवलं. "हो," मी म्हणाले, "मला कळतं ते."

"कळतं ना?" त्याचा आवाज एकदम थकल्यासारखा झाला. "बरं. रविवारी दुपारच्या फेरीआधी तासभर काढतो. उतरतो."

"नक्की?"

"शब्द दिला."

"मी साक्षीदार आहे," स्टेइना म्हणाली. "आणि तीन मिनिटं झाली."

त्यानंतर मी पत्र लिहायला बसले. तीन पानं लिहिली. त्यात मी लिहिलं की ज्या नावाचा माणूस त्या पाण्यात आहे त्या नावाने मला माझ्या मुलाला रोज हाक मारायची नाही. वाचून पाहिलं. कागदावर ते फार दुष्ट दिसत होतं. एका आईने दुसरीच्या मेलेल्या मुलाबद्दल लिहिलेलं. मी पानं चुलीत घातली आणि रविवारची वाट पाहिली.

रविवारी आकाश धुतल्यासारखं होतं. वारा मंद, धावपट्टीच्या अगदी रेषेत. मी पहाटेच उठून पाहिलं आणि मला आनंद झाला, आणि मग नैर्ऋत्येला पाहिलं. 'त्या'ने रात्रीतून जोर धरला होता. काळा खांब सरळ वर गेला होता आणि वर पांढऱ्या फुलकोबीसारखा फुगला होता. खांबातून विजा चमकत होत्या, आवाज न करता. असं दृश्य बघायला रेक्याविकमध्ये किती लोक उभे असतील ते मला इथूनही दिसत होतं.

दहाच्या सुमाराला विमान आलं, गेलं, परतलं. बाराला पुन्हा. मी अंगणात होते. बारानंतर परतताना ते खाली येईल असं वाटून मी मुलाला शाल गुंडाळली. ते आमच्या छपरावरून उत्तरेला गेलं आणि लहान होत गेलं.

इंगुन आत बाप्तिस्म्याचा झगा इस्त्री करत होती. पांढरा, पायाच्या खूप खाली लोंबणारा. दोन्ही मुलांनी तोच घातलेला. विमानाचा आवाज आला तेव्हाही तिने मान वर केली नव्हती. मला आता आठवलं, ती कधीच वर बघत नाही.

"इंगुन, तू बघत का नाहीस? तुझाच मुलगा आहे वर."

"एकाची वाट बघितली एकदा. बघत होते म्हणून काही आला नाही." तिने झग्याची बाही उलटली. इस्त्री काठावर थांबली. "तुला घाबरवलं का गं मी? त्या स्वप्नाने?"

"नाही," मी खोटं बोलले.

"तुला हवं ते ठेव. होग्नीला सवय आहे. त्याला कधी काही वेळेवर मिळालंच नाही, जेवणसुद्धा." आणि ती हसली, इस्त्री पुन्हा चालू केली, आणि मी पाहिलं की ती तीच बाही दुसऱ्यांदा इस्त्री करतेय.

दोनला चर्च भरलं होतं. पाद्रींनी ठरल्यापेक्षा एक गीत जास्त घेतलं, माझ्यासाठी, हे सगळ्यांना कळलं. दुसऱ्या कडव्याला आवाज आला. इंजिनांचा. सगळ्यांच्या माना वर झाल्या, इंगुनची सोडून. आवाज छपरावर आला, लाकूड थरथरलं, मुलाने डोळे उघडले. मी श्वास धरून ऐकत होते. उतरताना इंजिनं कसा खालचा सूर लावतात ते मला झोपेतही कळतं. सूर खाली आला नाही. आवाज नैर्ऋत्येला गेला.

गीत संपलं. बोरा खोकली. पाद्रींनी माझ्याकडे पाहिलं, आणखी थांबायचं का, असं. मी मान हलवली आणि मुलाला घेऊन बाप्तिस्म्याच्या पात्रापाशी गेले. पात्रातल्या पाण्याच्या तळाशी करड्या राखेची एक बारीक रेघ होती. एवढ्या लोकांत मी तिच्याकडे बघत होते.

"बाळाचं नाव काय?" पाद्रींनी विचारलं.

सोल्वी माझ्या जिभेवर होतं. खरंच होतं. पण माझ्या बाजूला केटिलची जागा रिकामी होती, आणि मला वाटलं, तो आला असता तर त्याने काय सांगितलं असतं? आईचं वय झालंय. हेच ना? मग तो नसताना मी त्याच्याविरुद्ध नाव देऊ? तो नाही म्हणून त्याचं मन तरी इथे असू दे. दोन महिन्यांत मी त्याला काही दिलं नव्हतं, त्यानेही मला. हे देता येण्यासारखं होतं.

"होग्नी," मी म्हणाले.

चर्चमधून एक श्वास गेला, पानांतून वारा जातो तसा. इंगुन उठून उभी राहिली आणि परत बसली. तिची टोपी तिरकी झाली होती आणि ती तिने दिवसभर सरळ केली नाही.

घरी कॉफी होती. पॅनकेकच्या गुंडाळ्या, धुरावलेलं मटण घातलेल्या भाकऱ्या, बोराने केलेला तीन थरांचा केक. साडेतीनला बाहेर जीप थांबली. केटिल आत आला, कोटावर धुराचा वास, आणि त्याच्या मागोमाग लाल रुमाल बांधलेली एक म्हातारी इंग्रज बाई.

"वैमानिक आला!" बोरा म्हणाली. "घर ओळखलंस का रे?"

"छप्पर ओळखीचं वाटलं," केटिल म्हणाला. सगळे हसले. "सात जण विमानात बसवून आलोय. इंजिन गरम झालंय म्हणून सांगितलं त्यांना. दहा मिनिटं. आणि या बाईंना संडास कुठे आहे ते कुणी दाखवा."

इंगुन त्या बाईला हाताला धरून घेऊन गेली. मी स्वयंपाकघरात गेले. केटिल मागून आला, दार लावलं. त्याचे डोळे लाल होते, ओठ फुटलेले. मुलगा माझ्या खांद्यावर होता. केटिलने एक बोट त्याच्या मुठीत सरकवलं.

"कंपनीने उतरू दिलं नाही गं. बाराच्या फेरीनंतर तीन पत्रकार उभेच होते तिकडे धावपट्टीवर. मी भांडलो."

"असू दे."

"काय ठेवलंस?"

"होग्नी."

मी त्याचा चेहरा बघत होते. मी चेहरे बघते, ती माझी सवय आहे. हसू येईल, डोळे भरतील, असं काही मी धरून चालले होते. त्याने आपलं बोट मुलाच्या मुठीतून हळूच काढून घेतलं, कुणाला उठवायचं नसलं की काढतात तसं.

"मला वाटलं तू नाही म्हणशील," तो म्हणाला.

"मला वाटलं तुला हवंय."

"मला?"

"आईचं वय झालंय म्हणालास."

"वय झालंय म्हणजे तिला दुखेल, जपून सांग, असं. तू म्हणालीस मला कळतं. मी म्हटलं, चला, आर्नाने ठरवलंय, ती सांगेल. तू बाहेरची आहेस. तू नको म्हणाली असतीस तर आईने ऐकलं असतं. मी कसा म्हणणार?"

"फोनवर सांगायचंस."

"स्टेइनासमोर? की मला माझ्या भावाचं नाव नको?" त्याने आवाज खाली आणला, कारण बाहेर बशा वाजत होत्या. "आर्ना, मी रोज चार वेळा तिथून जातो. लोक ओरडतात, टाळ्या वाजवतात, खिडकीला नाकं लावतात. मी पाण्याकडे बघत नाही. आकड्यांकडे बघतो. घरी आलो की तरी ते नाव नसावं, एवढंच मला हवं होतं."

मला सांगायचं होतं की मलाही एवढंच हवं होतं. मी तीन पानं लिहिली होती. पण ते आता सांगून काय होणार होतं? पाद्रींनी चर्चच्या वहीत शाईने लिहिलं होतं आणि इंगुनने शेजारी बसून अक्षरं वाळेपर्यंत फुंकर घातली होती.

"चुकलं का माझं?" मी विचारलं.

"नाही." मग कोटाची बटणं लावत, "माझंही नाही."

दार उघडलं. इंग्रज बाई केकची बशी घेऊन उभी होती, ओठाला क्रीम लागलेलं. मागे इंगुन, बोरा, सगळे. बाई मुलाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" इंगुनने विचारलं.

"नाव विचारतेय," केटिल म्हणाला.

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, कारण त्याने अजून ते नाव घेतलं नव्हतं आणि बाप कसा घेतो हे ऐकायला लोक थांबतात. इंगुनने दोन्ही हात पोटाशी धरले होते.

"होग्नी," तो म्हणाला. मोठ्याने, स्पष्ट, आईकडे बघत.

बाईने ते तिच्या पद्धतीने, वाकडंतिकडं म्हटलं, आणि छान आहे अशी मान डोलावली. इंगुन पुढे झाली आणि तिने केटिलचं डोकं धरून खाली ओढलं, तो लहान असल्यासारखं, आणि त्याच्या केसांवर तोंड टेकवलं. त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. मग त्याने ते उचलले आणि तिच्या पाठीवर ठेवले.

दहा मिनिटांची वीस झाली होती. जीपवाल्याने हॉर्न वाजवला. केटिलने माझ्या कपाळाला गाल लावला, पुढच्या आठवड्यात हवा बघून येतो म्हणाला, आणि बाईला पायऱ्यांवरून सांभाळून उतरवलं. बोराने तिच्या हातात कागदात गुंडाळून केकचा आणखी एक तुकडा दिला.

लोकांनी कॉफी मागितली, मी दिली. कप विसळले, पुन्हा दिली. इंगुन घरभर नाव घेत फिरत होती. होग्नीची टोपी कुठे आहे, होग्नीला उजेड लागतोय, पडदा ओढा. सहा वर्षांनी तिच्या तोंडात ते नाव वर्तमानकाळात आलं होतं आणि तिला ते पुरत नव्हतं.

पाहुणे गेले तेव्हा बाहेर संधिप्रकाश होता आणि खांब लाल दिसायला लागला होता. मी मुलाला आतल्या खोलीत नेऊन झगा काढला. त्याची मान घामेजली होती. दार लावून घेतलं आणि मी त्याला त्या नावाने हाक मारून पाहिली, अगदी हळू. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मी सोल्वी म्हणून पाहिलं. तेव्हाही त्याने तसंच पाहिलं. तिसऱ्यांदा मी पुन्हा होग्नी म्हणाले, कारण आता तेच म्हणायचं होतं, आणि ते तोंडात बसेपर्यंत म्हणत राहिले.